चोवीस एक्केचाळीस

थंडी पडली की आमच्या घरासमोरून माणसं पळायला लागतात. साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं घर आहे, त्यामुळे हा तमाशा मला गॅलरीत बसून फुकटात दिसतो. तंग चड्ड्या, झगझगीत बूट, मनगटावर घड्याळं. शेजारच्या वैशालीताई बँकेतून निवृत्तीला आल्या आहेत, त्याही पळतात. परवा शर्यत संपवून त्या तशाच घामेजल्या माझ्याकडे आल्या आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. त्यावर दोन वेळा होत्या. एक बंदूक वाजल्यापासूनची आणि दुसरी त्यांचा स्वतःचा पाय रेषेवर पडल्यापासूनची. छातीवरच्या नंबराच्या कागदामागे म्हणे एक चिप असते. रेषेवर पट्टी अंथरलेली असते, तिच्यावरून माणूस गेला की टुक् वाजतं आणि वेळ नोंदली जाते. गर्दीत अगदी मागे उभं राहिलं तरी एक सेकंद वाया जात नाही. मी विचारलं, हे मोजतं कोण? "कुणीच नाही हो काका, आपोआप होतं," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

त्यानंतर दिवसभर माझं डोकं फिरलेलं होतं. यांचं डोकं फिरायला कारण लागत नाही, असं घरात म्हणतात, आणि ते फारसं खोटं नाही. पण त्या दिवशी कारण होतं. मीही एके काळी मोजत असे, आणि माझ्या हातून काहीच आपोआप होत नसे.

सत्तरच्या दशकातले ते हिवाळे. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी सांगलीचा, नदीकाठी वाढलेला, आणि नोकरीला लागलो ते वडूजच्या बाजूच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला. पाण्यातला मासा माळावर टाकावा तसा मी तिथे पडलो. थंडीत तिथली हवा इतकी कोरडी असायची की बोलताना ओठ फुटून रक्त यायचं. शाळू कमरेच्या वर आलेला आणि त्याच्या बांधाकडेनं करडईच्या ओळी. करडई वाळायला लागली की तिचे काटे कुणाची गय करत नाहीत. गुरं आत शिरू नयेत म्हणूनच ती कडेला पेरतात. आमच्या शर्यतीची वाट नेमकी त्या करडईमधून जायची, आणि पळून आलेल्या प्रत्येकाच्या पोटऱ्या उभ्या-आडव्या ओरखडलेल्या असायच्या. हिवाळा म्हटलं की लोकांना हुरडा आठवतो. मला रक्ताच्या बारीक रेघा असलेल्या पोटऱ्या आठवतात.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो आणि मारकुटा म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध होतो. हे मी कौतुकानं सांगत नाही, पण तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं. आईबापच पोरं आणून सोडताना सांगायचे, सर, चामडी लोळवा, हाडं आमची. त्या मुलखात मारणं हे प्रेमाचंच एक अंग होतं. तालमीत वस्ताद मारायचा, शेतात बाप मारायचा, शाळेत मी मारायचो. कुणी कुणाला जाब विचारत नसे.

जवळच्या एका गावची जत्रा पौषात भरायची. जत्रेला कुस्त्या असायच्याच, पण त्याआधी सकाळी चार मैलांची शर्यत असायची. किलोमीटर कागदावर येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गावाला मैलच कळायचे. ही शर्यत नारळासाठी किंवा फेट्यासाठी नव्हती. पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार ती घ्यायचे. पंचवीस मिनिटांच्या आत येईल त्याला ते दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये घालून सांगलीला भरतीसाठी घेऊन जायचे. त्यांचा शब्द तिथे चालायचा. पंचवीसवर एक सेकंद झाला की माणूस घरी. घरी म्हणजे पुन्हा तोच माळ आणि तेच ढेकूळ. त्यामुळे तीनशे-साडेतीनशे तरुण पोरं त्या पंचवीस मिनिटांसाठी एकमेकांच्या जिवावर उठायची.

एवढ्या सगळ्यांसाठी घड्याळ एकच होतं. आमच्या प्रयोगशाळेचं स्टॉपवॉच, लंबकाचे झोके मोजायला घेतलेलं, किल्लीचं, पोलादी. ते वापरता येणारा माणूस म्हणजे मी. एका हातात घड्याळ आणि लोकांना रेषेपासून लांब ठेवायला दुसऱ्या हातात काठी. माझ्यासारख्या माणसाच्या हाती या दोन वस्तू एकदम द्यायला नको होत्या, हे आज कळतं.

सुरुवातच एक मारामारी असायची. बंदूक वाजली की घड्याळ सगळ्यांसाठी एकदमच सुरू व्हायचं, मग तू पुढे उभा अस की शंभर माणसांच्या मागे. मागच्याला रेषेपर्यंत पोहोचायलाच वीस-पंचवीस सेकंद लागायचे आणि ते त्याच्याच नावावर पडायचे. म्हणून पहाटेपासून पुढच्या ओळीसाठी कोपरं चालायची. कुणाचा दात पडायचा, कुणाचा सदरा फाटायचा. ठासणीची बंदूक धडाडली की सगळा लोंढा एकदम उसळायचा आणि दोन-चार जण खाली जायचे ते पायांखालीच. एका वर्षी असाच एक पोरगा उठला तेव्हा त्याच्या पाठीवर धुळीच्या टाचा उमटल्या होत्या. मागे उभ्या राहणाऱ्यांवर हा अन्याय आहे, असं मी सुभेदारांना एकदा म्हणालो होतो. ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मागं का हुबा ऱ्हातोय त्यो? लढाईत बी मागंच ऱ्हानार हाय का?" मला तेव्हा ते उत्तर फार आवडलं होतं.

शेवटची रेषा चुन्याची. तिच्यापुढे बांबू रोवून, दोन्ही बाजूंना कासरे बांधून एक अरुंद बोळ केलेला. मी रेषेवर उभा. एकेक पाय रेषेवर पडला की मी वेळ ओरडायची, चोवीस अकरा, चोवीस तेरा, आणि बाजूला बसलेल्या शाळेच्या कारकुनानं ती वहीत एकाखाली एक लिहायची. आलेला माणूस दोरांच्या बोळातून पुढे जायचा आणि बोळाच्या दुसऱ्या टोकाला आमचे चित्रकलेचे मास्तर त्याच्या छातीवरचा नंबर दुसऱ्या वहीत लिहायचे. मग दोन वह्या शेजारी ठेवायच्या. पहिली वेळ पहिल्या नंबराची, विसावी वेळ विसाव्या नंबराची. एवढं साधं होतं. फक्त एकच गोष्ट लागायची, बोळात शिरलेल्यानं क्रम सोडायचा नाही. एक माणूस मधून निसटला की त्याच्यामागच्या सगळ्यांच्या वेळा एकेक घर सरकल्याच. हे मी दरवर्षी कर्ण्यावरून घसा फोडून सांगायचो.

मोजणाऱ्याला माणसाचं तोंड दिसत नाही. मला काटा दिसायचा, रेषा दिसायची आणि रेषेवर पडणारे पाय दिसायचे. चार हिवाळे मी नुसते पाय पाहिले. भेगाळलेले, काट्यांनी फुटलेले, अंगठ्याचं नख उलटलेले, एखाद्याच्या पायात पलटणीतल्या भावाचे दोन नंबर मोठे बूट. पाय ओळखू यायचे, नावं नाहीत. वर गर्दी शिव्या देत असायची, कुणी ओकत असायचं, कासऱ्याला लोंबकळून दोन गावं एकमेकांना भिडलेली असायची, आणि मी खाली बघून ओरडत असायचो. मधूनच उजव्या हातानं काठी फिरवायची. ती कुणाला लागली हे मी बघतही नसे. खरं सांगायचं तर त्या तासाभरात मला फार बरं वाटायचं. सगळ्या मुलखाचं नशीब माझ्या मुठीत टिकटिकत होतं.

त्या वर्षी यशवंता शेवटचा पळत होता. शेवटचा म्हणजे पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्याचं भरतीचं वय उलटणार होतं. माझा विद्यार्थी नव्हता तो, मी तिथे येण्याआधीच शाळा सोडून तालमीत गेलेला. आधीच्या दोन वर्षी तो थोडक्यात हुकला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्याच्या छातीवर सदतीस नंबर होता. पहाटे मोटेवर जाऊन मग आला, त्यामुळे मागेच उभा राहिला. पायात काही नाही, आणि डाव्या अंगठ्याला निळ्या लुगड्याची चिंधी बांधलेली. हे मी शर्यत सुटण्याच्या आधी पाहिलं, कारण चिंधी सुटून पायात आली तर पडशील, असं मी त्याला खेकसून सांगितलं होतं. त्यानं मान हलवली आणि गाठ पुन्हा आवळली.

चोवीस मिनिटांनंतर माणसं घोळक्यानं यायला लागली. हा घोळकाच सगळ्यात वाईट, कारण पंचवीस जवळ आलेली असतात आणि ते प्रत्येकाला माहीत असतं. एकानं दुसऱ्याच्या कानशिलात मारली, दुसरा रेषेवर तोंडावर आपटला, मी त्याचा हात रेषेपलीकडे पडला म्हणून वेळ ओरडलो आणि त्याला काठीनं बोळात ढकललं. मग ती निळी चिंधी आली. चोवीस एक्केचाळीस. मी ओरडलो, कारकुनानं लिहिलं. मग चव्वेचाळीस, सत्तेचाळीस, बावन्न, अठ्ठावन्न. मग पंचवीस तीन.

मी ओरडत असताना बोळात काय झालं, ते मला पाहता आलं नाही, पण नंतर कळलं. दोरापलीकडे यशवंताचे म्हातारे वस्ताद उभे होते. बारा वर्षं ज्यांच्या हाताखाली अंग मळलं ते समोर दिसल्यावर पाया न पडता पुढे जाणारा माणूस त्या मुलखात जन्मायचा होता. यशवंता दोराखालून बाहेर आला, पालथा पडून पायांवर डोकं ठेवलं, वस्तादांनी त्याला उठवून छातीशी धरलं आणि तो पुन्हा दोराखालून बोळात शिरला. तेवढ्यात पाच जण त्याच्या पुढे गेले होते. चित्रकलेचे मास्तर आपले खाली मान घालून नंबर लिहीत होते.

दोन वह्या शेजारी ठेवल्या. सदतीस नंबरासमोर पंचवीस तीन आले. ज्याचे खरे पंचवीस तीन होते, त्याच्यासमोर अठ्ठावन्न आले आणि तो आनंदानं नाचायला लागला.

सुभेदारांनी नावं वाचली. यशवंताचं नाव आलं नाही. तो गर्दी फाडत माझ्याकडे आला. त्याच्या ओठांना फेस होता. तो म्हणाला, "सर, चोवीस एकेचाळीस. तुमीच वरडला हुता. म्या ऐकलंय माज्या कानानं." तोवर त्या दिवशी वीस जणांनी माझ्यापुढे अशीच रड मांडली होती. सुभेदारांनी मला विचारलं, घड्याळ काय म्हणतंय? मी म्हणालो, घड्याळात काही चूक नाही. आणि खरंच, घड्याळात काही चूक नव्हती.

यशवंतानं माझं मनगट धरलं. घड्याळ बघायला असेल किंवा नुसतं मला थांबवायला असेल. माझ्या अंगाला हात लावला एवढंच माझ्या डोक्यात शिरलं आणि मी काठी मारली. ती खांद्यावर बसली. तो वाकला आणि त्याच्याबरोबर माझी नजर खाली गेली. डाव्या अंगठ्याला निळी चिंधी होती, रक्तानं अर्धी काळी झालेली. तिच्यावरूनच मी चोवीस एक्केचाळीस ओरडलो होतो. मला सगळं एका क्षणात कळलं. दोन वह्या, सरकलेलं घर, सगळं. तोंड उघडायचं आणि चार शब्द बोलायचे, एवढंच काम होतं. सगळं गाव बघत होतं.

मी दुसरी काठी मारली. ती त्यानं अडवायला वर केलेल्या हातावर बसली आणि करंगळीचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

पुढचं काम गर्दीनं केलं. सरांवर हात टाकला म्हणून लोक त्याच्यावर तुटून पडले. लाथा, बुक्के, कुणीतरी बांबू उपसला. वस्ताद मध्ये पडले तर त्यांनाही ढकलून दिलं, त्यांचा पटका पायांखाली गेला. मी दोन पावलं मागे सरून उभा होतो. घड्याळ वरच्या खिशात घालून त्यावर हात ठेवला होता. त्याला ओरखडासुद्धा आला नाही. दुसऱ्या दिवशी ट्रक सांगलीला गेला. त्यात पंचवीस तीनवाला होता.

चोर सोडून संन्याशाला सुळी देतात, तेव्हा सुळी देणाऱ्याला बहुधा काहीच माहीत नसतं. मला माहीत होतं. पहिली काठी चुकीची होती, ती माझ्या रागाची. रागाचं मी काहीतरी करू शकतो, निदान त्याला नाव ठेवू शकतो. पण दुसरी काठी मारताना मला राग आलेला नव्हता. मला भीती वाटत होती. मी चुकलो असं म्हणावं लागेल, याची भीती. माणूस सगळ्यात जोरात मारतो तो तेव्हाच, असं माझं मत झालं आहे. वर्गात मी त्यानंतर छडी हातात घेतली नाही. पोरं म्हणायची, सर मऊ पडले.

दशक संपता संपता माझी बदली सांगलीला झाली. कुपवाडला नवे नवे कारखाने उभे राहत होते आणि प्रयोगशाळेसाठी लोखंडी स्टँड करून घ्यायला मी तिकडे गेलो होतो. लेथवर उभा असलेला माणूस वळला आणि मी त्याला तोंडावरून नाही, करंगळीवरून ओळखलं. ती आडवीच जुळली होती. त्यानंही मला ओळखलं. चहा मागवला, मुलांची चौकशी केली, स्टँडचं माप घेतलं. जणू आमच्यात काही झालंच नव्हतं. तेवढ्यात पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि तो दाराजवळच्या यंत्रात आपलं कार्ड घालायला गेला. यंत्रानं खटकन वेळ उमटवली. कार्ड मला दाखवत तो म्हणाला, "हितं टैम आपला आपुन मारायचा, सर. मदी कोन न्हाई."

मला राहवलं नाही. खाई त्याला खवखवे. मी सगळं सांगितलं, पाय, चिंधी, दोन वह्या, आणि दुसरी काठी मारताना मला ठाऊक होतं हेही. तो मला मारेल असं वाटत होतं, किंबहुना मारावं असंच वाटत होतं. त्यानं कार्ड यंत्राशेजारच्या खणात ठेवलं. मग त्यानं विचारलं, "कुनाम्होरं मारलं हुतं मला?" मी म्हणालो, सगळ्या गावासमोर. तो म्हणाला, "मग तितंच सांगा की. हितं मला एकट्याला सांगून काय उपेग? मला तर म्हाईतच हाय." आणि सायकल काढून निघून गेला. स्टँड मात्र त्यानं वेळेवर करून दिले, आणि इतके नेटके की ते पुढे वीस वर्षं हलले नाहीत.

मी गेलो नाही. म्हणजे एकदा गेलो होतो. पौषात, जत्रेच्याच दिवशी एसटीनं वडूजला उतरलो, उसाचा रस प्यायलो, लोकांच्या झुंडी जत्रेकडे जाताना पाहिल्या आणि परतीच्या गाडीत बसलो. दर हिवाळ्याला करडई काट्यावर आली की वाटायचं, या वर्षी जाऊ. मग शाळेची परीक्षा यायची, मुलीचं लग्न यायचं, गुडघा दुखायचा. भित्र्या माणसाला कारणांचा तुटवडा कधी पडत नाही. गेल्या दिवाळीत एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला आणि बोलता बोलता त्यानं सांगितलं की यशवंता गेला. मी फोन ठेवला आणि गॅलरीत येऊन बसलो. खाली माणसं पळत होती.

याच पौषात त्या गावानं मला बोलावलं. जत्रेची शर्यत आता मोठी झाली आहे. चुन्याच्या रेषेच्या जागी पट्टी, कासऱ्यांच्या जागी कमान, आणि बाजूच्या मांडवात संगणक घेऊन बसलेले पुण्याचे दोघे जण. बायकाही पळतात, म्हातारेही पळतात. कुणी कुणाला ढकलत नाही, उलट पडलेल्याला हात देऊन उठवतात. करडई मात्र कडेला तशीच होती. पूर्वी वेळ मोजणारे सर म्हणून माझा सत्कार झाला, खांद्यावर शाल आली, आणि दोन शब्द बोला म्हणून माइक हातात दिला.

समोर पाच-सातशे माणसं होती, त्यातली तेव्हाची किती असतील कोण जाणे. मी म्हणालो, "नंबर सदतीस, यशवंता. चोवीस मिनिटं, एक्केचाळीस सेकंद. तो पंचवीसच्या आत आला होता. वस्तादांच्या पाया पडायला रांगेतून बाहेर गेला म्हणून वही चुकली. वही चुकली हे मला इथंच कळलं होतं, आणि कळल्यावर मी त्याला इथंच काठीनं मारलं."

पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. संगणकावरच्या माणसाला वाटलं, मी आजचा निकाल सांगतोय. त्यानं यादी वरखाली केली आणि माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाला, "सर, सदतीस नंबर आज पळालेलाच नाही. इथं त्याची नोंदच नाही."

"पळाला होता," मी माइकवरूनच म्हणालो.